अर्ध्या वाक्यातली बडीशेप

बडीशेप ही वनस्पती माणसाचा अपमान करायलाच जन्माला आली आहे, असं कानमंत्रांचं ठाम मत झालं ते तिसऱ्या पेरणीच्या वेळी. पहिल्या पेरणीला त्यांनी तिला समजून घेतलं होतं. दुसऱ्या पेरणीला क्षमा केली होती. तिसऱ्या वेळी मात्र ते मागच्या अंगणात गुडघे टेकून, तोंड पार मातीपाशी नेऊन तिच्याशी सरळ भांडले.

"अगं, ये की वर! बारा दिवस झाले. एंट्री विसरलीस काय?"

कानमंत्र हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. अडतीस वर्षं ते एका नाटकमंडळीत प्रॉम्प्टर होते. उजव्या विंगेत एक स्टूल, मांडीवर वही, वहीवर बोटाएवढा दिवा, एवढाच त्यांचा संसार. रंगमंचावरचा नट अडला की त्याच्या कानापर्यंत पोचेल आणि पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात शब्द सोडायचा. म्हणून मंडळींनी त्यांना कानमंत्र म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे घरी येणारी पत्रंसुद्धा त्याच नावाने येऊ लागली.

या कामाच्या दोन खुब्या असतात. एक म्हणजे, समोरचा माणूस गप्प झाला की तो मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे त्याच्या पाठीवरून ओळखायचं. थांबलेल्याला शब्द दिला तर तो मध्यंतरात अंगावर धावून येतो, आणि विसरलेल्याला दिला नाही तर आयुष्यभर बोलत नाही. दुसरी खुबी अशी की, कधीही पूर्ण वाक्य द्यायचं नाही. पहिला शब्द द्यायचा, फार तर दोन. बाकीचं त्याचं त्याला आठवतं. पूर्ण वाक्य देणं म्हणजे नटाला अडाणी ठरवणं.

झालं काय, की अडतीस वर्षांत ही दुसरी खुबी कानमंत्रांच्या हाडीमाशी खिळली. घरातही ते पहिला शब्दच द्यायचे.

"अगं, ते कपाटातलं..." एवढं म्हणून ते खिडकीबाहेर बघत उभे राहत, आणि त्यांची बायको कपाटातलं नेमकं तेच आणून हातात ठेवी. किराणा दुकानदार मात्र रडकुंडीला येई. "अर्धा किलो..." म्हणून हे गप्प. अर्धा किलो काय, ते त्याने ओळखायचं! नाही ओळखलं तर कानमंत्र वैतागून मान हलवत. या गावात एकालाही आपलं पाठांतर म्हणून नाही, असा त्यांचा चेहरा होई.

बायकोला सगळे पावबाई म्हणत. त्यांनी एका बेकरीत अठ्ठावीस वर्षं काढली होती. आधी काउंटरवर, मग भट्टीपाशी. भट्टीचं दार न उघडता, नुसत्या वासावरून त्या सांगत, "डावीकडचे झाले, उजवीकडच्यांना अजून दोन मिनिटं." घड्याळ चुके, त्या चुकत नसत. मालक म्हणायचा, या बाईच्या नाकाचा विमा उतरवायला हवा.

आणि नेमकं तेच नाक गेलं.

साधा ताप आला होता. पाच दिवसांनी उतरला, आणि उतरताना वास बरोबर घेऊन गेला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एके दिवशी कानमंत्र अंगणात असताना त्यांना करपल्याचा वास आला. धावत आत जाऊन पाहतात तो शेगडीवर दुधाच्या पातेल्याचा कोळसा झालेला, आणि पावबाई शेजारीच उभ्या राहून शांतपणे वर्तमानपत्र वाचताहेत. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, शेगडी बंद केली आणि स्टुलावर बसल्या. त्या दिवसापासून त्यांचं जेवण म्हणजे निव्वळ हजेरी झाली. घड्याळात एक वाजला म्हणून चार घास, आठ वाजले म्हणून चार घास. मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेला.

"पुठ्ठा चावल्यासारखं लागतं हो," त्या म्हणत. "गरम पुठ्ठा, गार पुठ्ठा, ओला पुठ्ठा."

नाकाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. लवंग, लिंबू, गुलाब असल्या वासाच्या वस्तू सकाळ-संध्याकाळ मन लावून हुंगायच्या, नाकाला व्यायाम द्यायचा, असं सांगितलं. कानमंत्रांनी विचारलं, "वास परत...?"

"येतो पुष्कळांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर्षभरात यायला लागला तर चांगलंच. पण वर्ष उलटून गेलं आणि तरी आला नाही, तर मग..."

ते वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. जन्मभर इतरांकडून अर्धी वाक्यं पूर्ण करून घेणाऱ्या कानमंत्रांना ते पूर्ण करावंसं वाटलं नाही.

चार महिने नाकाचा व्यायाम चालला. पावबाई लवंगेची डबी नाकाशी धरत आणि भिंतीकडे बघत. एकदा म्हणाल्या, "शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलतंय, पण शब्द कळत नाहीत, तसं काहीतरी वाटतं." आणि एकदा, अगदी सहज, डबीचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "बेकरीच्या मागे बडीशेपेचा ताटवा होता. मालक हिरवे दाणे तोडून गोड पावावर लावायचा. तो वास आला नाही तर मग माझं नाक गेलंच म्हणायचं. सुकी नव्हे हो, ती दुकानातली काडी. हिरवी."

बस. कानमंत्रांना पहिला शब्द मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी ते रोपवाटिकेत हजर. तिथल्या माणसाने बियांचं पाकीट दिलं आणि सल्लाही दिला. "आधी ट्रेमध्ये लावा काका. वीतभर झालं की उचलून वाफ्यात." कानमंत्रांनी तसंच केलं. रोपं झकास आली. उचलून वाफ्यात लावली आणि दोन दिवसांत सगळ्यांनी माना टाकल्या. कानमंत्र रिकामं पाकीट घेऊन जाब विचारायला गेले.

"उचललीत?" तोच माणूस म्हणाला. "अहो काका, बडीशेप उचलायची नसते. तिचं मूळ सरळ खाली जातं, हललेलं तिला खपत नाही. जागेवरच पेरायची."

"पण तुम्हीच तर..."

"मी कोथिंबिरीचं म्हणालो असेन."

कानमंत्रांच्या तोंडाशी जो शब्द आला तो त्यांनी अर्धा काय, पाव भागही सोडला नाही. नवं पाकीट घेतलं. जागेवर पेरलं. या वेळी मुंग्यांनी शिस्तीत रांग लावून बी एकेक करून उचललं आणि कुंपणापलीकडे नेलं. कानमंत्र दोन तास उकिडवे बसून ती मिरवणूक बघत होते. "एवढी तालीम आमच्या मंडळींनी केली असती तर!" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात मारला.

तिसरी पेरणी उगवली. तेराव्या दिवशी हिरवी दोरी दिसली, पंधराव्या दिवशी दोन दोऱ्या, आणि मग अख्खा वाफा. पानं कसली, हिरवे केसच ते. वाऱ्याने विस्कटायचे आणि आपोआप सरळ व्हायचे. कानमंत्रांनी वाफ्याभोवती विटा लावल्या. मंडळींच्या जुन्या पडद्याची दोरी काठ्यांना बांधली. मावा कीड आली तर फडक्याने एकेक काडी पुसली. आणि घरात फर्मान काढलं, पानालाही हात लावायचा नाही. दाणा धरेपर्यंत कुणीही तिकडे फिरकायचं नाही. वास दाण्यात असतो. पान तोडलं की दाण्याची ताकद जाते, हे त्यांनी कुठेही वाचलं नव्हतं. पण त्यांना ते ठाऊक होतं.

पावबाईंना फर्मानाची गरजच नव्हती. त्या मागच्या दारापाशीसुद्धा जात नसत. "उगवेल तेव्हा बघू," म्हणायच्या. एकदा कानमंत्रांनी ओढून नेऊ पाहिलं, तर हात सोडवून घेत म्हणाल्या, "अहो, मी वाकले, हुंगलं, आणि काहीच नाही आलं, तर? तुमचं तोंड बघवणार नाही मला." त्यावर कानमंत्रांनी पुन्हा तो विषय काढला नाही. पण मनातल्या मनात ते दिवस मोजत होते. ताप येऊन आठ महिने होऊन गेले होते. बडीशेप आता कुठे गुडघ्याला लागत होती. फुलं यायची, दाणे धरायचे, सगळं अजून बाकी. आणि ही बया आपली डुलत उभी! वर्षाच्या आत दाणा धरणार की नाही, या विचाराने त्यांच्या नाकी नऊ आले होते.

त्याच सुमारास पावबाईंची थोरली बहीण मदतीला येऊन राहिली होती. ताई प्रेमळ होत्या, कामाला वाघ होत्या, आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत उठून ते काम करून मोकळ्या होत होत्या. म्हणजे कानमंत्रांसाठी खरं तर आदर्श नट. फक्त पाठांतर वेगळ्या नाटकाचं.

आल्या दिवशीच कानमंत्रांनी त्यांना वाफा दाखवला होता. "ताई, ही शेप. हिला हात..."

"नाही लावत," ताई म्हणाल्या.

आता, कानमंत्रांना 'बडी' हे शोभेचं वाटे. ते नुसतंच शेप म्हणत. आणि ताई आयुष्यभर शेपूच्या भाजीलाच शेप म्हणत आलेल्या. दिसायलाही दोघी सख्ख्या बहिणी, तसंच पिंजारलेलं हिरवं. तेव्हा ताईंच्या मनात पक्कं बसलं: मेहुण्यांना शेपूची भाजी फार आवडते, जपताहेत बिचारे, म्हणतील तेव्हा करून घालू.

मग कानमंत्रांची दाढ दुखायला लागली.

तीन दिवस कानमंत्रांचा उजवा गाल फुगलेला होता. चौथ्या दिवशी सकाळी दातांच्या डॉक्टरांनी बोलावलं. ऊन रणरणत होतं, वाफा सुकलेला दिसत होता, आणि रिक्षावाला दारात हॉर्न वाजवत होता. कानमंत्रांनी गाल धरून, पायऱ्या उतरता उतरता, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून शब्द सोडला.

"ताई, आज तेवढी शेप..."

आणि रिक्षात बसले. पाणी घाला, एवढंच राहिलं होतं. उन्हात वाळलेल्या रोपाचं दुसरं काय करतात? शेंबड्या पोरालाही कळेल.

"बरं बरं!" आतून ताईंचा आवाज आला. उत्साह जरा जास्तच होता, पण कानमंत्रांचं लक्ष दाढेत होतं.

दुपारी एकच्या सुमाराला ते परतले. दाढ निघाली होती. इंजेक्शनने कपाळापासून हनुवटीपर्यंत उजवी बाजू दगड झालेली, तोंडात कापसाचा बोळा, आणि डॉक्टरांची ताकीद, तासभर तोंड उघडायचं नाही. ते सवयीने घराला वळसा घालून आधी मागच्या अंगणात गेले.

विटा होत्या. दोरी होती. काठ्या होत्या. मधे माती होती, नुकतीच उकरलेली, काळीभोर, रिकामी.

अडतीस वर्षांत कानमंत्रांनी पुष्कळ प्रसंग पाहिले होते. एकदा राजाचा मुकुट खोक्यातच राहिला होता, एकदा मेलेला खलनायक शिंकला होता. पण रंगमंचावर पडदा वर जावा आणि समोर भिंतच नसावी, असं कधी झालं नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"ऊं!" ते म्हणाले. "ऊंऊं! हे... हे हे..."

"आलात? बसा बसा, बोलू नका," ताई म्हणाल्या. त्या हात पुसत होत्या आणि नाकावर रुमाल बांधलेला होता. "तुमची शेप काढली हो सगळी. मुळासकट आली पटापट. मला तिचा वास लहानपणापासून सोसत नाही, म्हणून रुमाल बांधूनच चिरली, बटाटे घालून परतली. जरा गोडसर दरवळ आला बघा रुमालातूनही. म्हटलं, बियाणंच तसलं असेल. पण तुम्हाला आवडते ना, म्हणून."

कानमंत्रांनी कपाळावर हात मारला. तो बधिर बाजूला लागला, त्यामुळे त्याचंही समाधान मिळालं नाही. त्यांनी वाफ्याकडे बोट दाखवलं, मग कढईकडे, मग वर आभाळाकडे, मग दोन्ही हातांनी एक भला मोठा प्रश्न हवेत काढला.

"काय म्हणताहेत?" ताईंनी बहिणीला विचारलं.

पावबाई ताटावर बसल्या होत्या, कारण एक वाजला होता. "दुखतंय त्यांना," त्या म्हणाल्या. "बसा हो. थोडं दूध देऊ का?"

दूध! आठ महिन्यांची काळजी, तीन पाकिटं, मुंग्यांची मिरवणूक, आणि दूध! कानमंत्र समोरच्या खुर्चीत धपकन बसले. कुणावर ओरडावं? ताईंवर? बिचारीने न सोसणारा वास सोसून मेहुण्याच्या आवडीची भाजी केली होती. स्वतःवर? तोंडच उघडत नव्हतं. वर्ष संपायला जेमतेम चार महिने, पुन्हा पेरायचं म्हटलं तर दाणा कधी धरायचा? त्यांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले, कारण ताटातला चमच्याचा आवाज थांबला होता.

पावबाई पहिला घास खाऊन थांबल्या होत्या. रोज त्या घास चावायच्या, गिळायच्या आणि घड्याळाकडे बघायच्या. आज त्या घड्याळाकडे बघत नव्हत्या. चमचा अर्ध्यावर, मान जराशी वाकडी. ताई काहीतरी बोलायला निघाल्या, तेव्हा कानमंत्रांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. ही विसरलेली नव्हती. ही थांबली होती.

दुसरा घास. तिसरा. मग पावबाईंनी ताटातली एक हिरवी काडी चिमटीत उचलली, दोन बोटांत चोळली आणि नाकापाशी नेली. नेली आणि खाली ठेवली. पुन्हा नेली.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "हा शेपू नाही."

"नाही कसा? शेपच ती! विचार यांना!"

"ऊंऊंऊं!" कानमंत्र म्हणाले, आणि डोकं इतक्या जोरात हलवलं की कापूस दाताखाली सरकला.

"बेकरीच्या मागची आहे ही," पावबाई म्हणाल्या. "बडीशेप आहे. आला होता... आता गेला. थांबा. कच्ची कुठेय? ताई, कच्ची उरलीय का थोडी?"

ताईंनी रुमाल सोडला आणि त्यांचा चेहरा पार पडला. सगळी चिरली होती. नाही, सगळी नाही. एक जुडी शेजारच्या शिंपीणबाईला देऊन टाकली होती, रोज लिंबं देते म्हणून.

एवढं ऐकेपर्यंत कानमंत्र दारापर्यंत पोचले होते.

शिंपीणबाई मशीनवर होती. एका गालाने फुगलेला, डोळे विस्फारलेला, घामाघूम शेजारी दारात उभा बघून तिने पेडलवरचा पाय उचलला. कानमंत्रांनी डोक्यावर दोन्ही हातांनी पिंजारलेले केस दाखवले. मग जुडी. मग नाक. मग खाणं.

"टक्कल?" शिंपीणबाई म्हणाली. "वारा? सर्दी? तुम्ही बसा आधी, पाणी आणते."

नाही नाही नाही! त्यांनी पाय आपटला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पूर्ण वाक्य बोलायचं होतं, कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं, आणि तोंडात बोळा! तेवढ्यात त्यांची नजर मशीनच्या टोकाला गेली. पाण्याच्या ग्लासात जुडी उभी होती. शिंपीणबाई म्हणाली, "ती होय? भाजीच करणार होते, पण वास काहीतरी छान वाटला म्हणून ठेवली जवळ. घ्या की."

त्यांनी ग्लासासकट उचलली आणि पळाले.

पावबाई मागच्या दारात उभ्या होत्या, वाफा झाल्यापासून पहिल्यांदा. त्यांनी जुडी ओढून घेतली आणि अख्खं तोंड त्यात खुपसलं. ताई दाराच्या चौकटीला धरून रडत होत्या. कानमंत्र ग्लास धरून उभे, पाणी त्यांच्या बुटात सांडत होतं.

"येतो," पावबाई पानांतूनच बोलल्या. "येतो, जातो. पाच वेळा हुंगलं तर दोनदा येतो. पण तोच आहे." मग त्यांनी तोंड वर काढलं. नाकाला हिरवं लागलेलं. आणि समोरच्या वाफ्याकडे बघून त्यांचा आवाज एकदम बदलला. "आणि काय हो, एवढ्याशा जागेत ही सगळी पेरली होतीत? गुदमरली असती ना! हातभर अंतर लागतं दोन रोपांत. आणि दाण्याची वाट कशाला बघत बसलात? पानालाही हाच वास असतो, देठालाही असतो! रोज एक पान तोडून दिलं असतंत तर दीड महिना आधी कळलं असतं मला. कुणी सांगितलं होतं तुम्हाला, पान तोडायचं नाही म्हणून?"

कानमंत्र ग्लासातलं उरलेलं पाणी रिकाम्या वाफ्यात ओतू लागले.

"ताई, तू रडू नकोस. तू काढलीस म्हणून तर. पण इतकी परतायची नसते ग, नुसती पिवळी केलीस. आणि मीठ कमी." पावबाईंनी एक देठ तोडून चावायला सुरुवात केली होती, उभ्या उभ्या, शेळीसारखी. "आता हिच्याबरोबर काहीतरी पाहिजे. अहो, तुम्ही उभे का? बेकरी दोनला बंद होते, पाव घेऊन या."

कानमंत्रांनी स्वतःच्या गालाकडे बोट दाखवलं. सुजलेला गाल, बोळा, भर दुपारचं ऊन. नुकताच एका ठिकाणी खुणा करून आलेल्या माणसाने आता पाव कसा करून दाखवायचा? त्यांनी हातांनी एक लांबट आकार काढून पाहिला. तो पावासारखा कमी आणि होडीसारखा जास्त दिसला. वैतागून त्यांनी ग्लास पायरीवर आपटला आणि फाटकाकडे निघाले.

"लांबट घ्या, चौकोनी नको!" मागून पावबाईंचा आवाज येत होता, बेकरीच्या काउंटरवरून यायचा तसा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. "सकाळचा देईल तो, घेऊ नका! उलटा करून बुडावर टिचकी मारा! पोकळ वाजला तरच घ्या, नाहीतर तसाच परत ठेवा आणि पुढचा वाजवा!"